सातव्या नंबरचा पाहुणा

आमच्या आत्याने एकदा हातातोंडाशी आलेली मॅच सोडून दिली आणि त्या बदल्यात एका माणसाचा उजवा डोळा मिळवला. सौदा चांगला झाला असं सगळेच म्हणतात. आत्याही म्हणते, पण म्हणताना एक सुस्कारा सोडते. त्या सुस्काऱ्याचं कारण शेवटी येईल.

आत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासते. काच कारखान्यातून येते ती गोल, बशीसारखी. तिला फ्रेमच्या आकाराची करायची, कड घासायची आणि खाचेत अलगद बसवायची, हे तिचं काम. दुकानाच्या मागच्या खोलीत पाण्याने भिजत फिरणारा एक दगड आहे. एकोणिसाव्या वर्षी ती त्या दगडासमोर स्टुलावर बसली, ती चौपन्नाव्या वर्षीही तिथेच आहे. उंची जेमतेम काउंटरएवढी, हसू मात्र रस्त्यापर्यंत ऐकू जाणारं. संध्याकाळी घरी येते तेव्हा तिच्या भुवयांवर काचेची पांढरी भुकटी असते आणि माझी आई दार उघडता उघडता म्हणते, "या, म्हाताऱ्या झालात पुन्हा."

लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं, की आत्या सांगते, "निवड समितीचं एकमत झालं नाही."

तिचं सगळं बोलणं असंच, मैदानावरून आल्यासारखं. मैदान मात्र तिने आयुष्यात पाहिलेलं नाही. लहानपणी घरातला रेडिओ कपाटावर असायचा. त्याचा आवाज वाढत नसे, म्हणून ती स्टूल घेऊन त्याला कान लावून उभी राहायची. टेस्टचे पाचही दिवस उभी. खेळाडूंचे चेहरे तिने स्वतःच तयार केले, आवाजावरून आणि टाळ्यांवरून. पुढे टीव्ही आला तेव्हा खरे चेहरे बघून ती काही दिवस नाराज होती. "हा असा दिसतो?" म्हणाली होती एकाबद्दल. "इतका चांगला खेळून?"

गिऱ्हाइकांचे डोळेही ती याच मापाने मोजते. "तुमचा उजवा सलामीचा आहे हो, दिवसभर टिकेल. डावा शेपटातला. त्याला जरा सांभाळून घ्या." गिऱ्हाईक गोंधळतं, पण चष्मा घेऊन जाताना हसत जातं. मालकांनी तिला कधी अडवलं नाही.

दुकान एका अरुंद, वरून काचेचं छप्पर असलेल्या गल्लीत आहे. समोर, बरोबर चार पावलांवर, घड्याळदुरुस्तीचं दुकान. तिथे घड्याळवाले बसतात. वय सहासष्ट. अंगावर बिनबाह्यांचा स्वेटर, त्याच्या खिशात चिमटा. डावा डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे उजव्या डोळ्याला भिंग लावून, मान तिरकी करून काम करण्याची सवय. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी दुसऱ्या शहरात, दर रविवारी फोन करते. दुकानातली सगळी घड्याळं एकच वेळ दाखवतात. एखादं अर्ध्या मिनिटाने पुढे गेलं, तर घड्याळवाले त्याच्याकडे असे बघतात की ते बिचारं लाजून मागे येईल असं वाटावं.

अकरा वर्षांपूर्वी आत्या बंद पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन त्यांच्याकडे गेली. घड्याळवाले झाकण उघडत होते आणि आत्याला गप्प बसवत नाही, म्हणून ती सहज म्हणाली, "आजवर जगात होऊन गेलेल्या सगळ्यांतून वनडेचा संघ निवडायचा झाला, तर सलामीला कोण?"

घड्याळवाल्यांच्या हातातून चिमटा पडला. भिंग न काढताच ते म्हणाले, "आधी यष्टिरक्षक ठरवायचा असतो, बाई. सलामीवर कोणीही नाचतं."

झालं. ते घड्याळ तीन आठवडे तिथेच राहिलं.

संघ दोन झाले, एक तिचा, एक त्यांचा. नियमही ठरले. खेळाडू निवृत्त झालेला हवा, कारण खेळणाऱ्याला घेतलं आणि तो उद्या शून्यावर गेला तर आपल्याला जेवण जात नाही. पाच जण गोलंदाजी करणारे हवेत. आणि एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळणार नाही. या शेवटच्या नियमावरून दोघांची चार महिने बोलचाल बंद होती. म्हणजे ती गल्लीच्या या बाजूने मालकांना सांगायची, "समोर कळवा, डावखुरा मी घेतलाय," आणि समोरून उत्तर यायचं, "कळलं म्हणावं. लखलाभ."

खेळाडूंची खरी नावं मी इथे देत नाही. नाव लिहिलं की वाचणारा वाचायचं सोडून स्वतःचा संघ काढत बसतो. शिवाय ती दोघंही खरी नावं घेत नसत. घड्याळवाल्यांकडे किल्ली होता, जो सलामीला येऊन सगळ्या संघाला चावी द्यायचा. लंबक होता, ज्याचा प्रत्येक चेंडू त्याच जागी पडायचा. चौथ्या नंबरवर सरदार, सातव्यावर गजर, जो शेवटच्या दहा षटकांत सगळ्या गावाला जागं करायचा. आत्याकडे शिंपी होता, जो दोन क्षेत्ररक्षकांमधून दोरा ओवल्यासारखा चेंडू काढायचा. पोस्टमन होता, जो दर वेळी बरोबर पत्त्यावर टाकायचा. आणि एक फार जुना फलंदाज होता, आजोबा. त्याच्यावरून वर्षभर वाद चालला.

"अहो बाई, त्यांच्या काळात वनडे नव्हतीच!"

"म्हणून काय झालं? समजावून सांगू. हुशार माणूस आहे, दोन मिनिटांत कळेल."

"आणि रंगीत कपडे?"

"आजोबा पांढऱ्यातच खेळतील. वडीलधाऱ्या माणसाला काय सांगायचं ते तुम्ही सांगा, मी नाही सांगणार."

पण घड्याळवाल्यांच्या डोक्यात खरी तिडीक जायची ती आत्याच्या सातव्या नंबरवाल्याने. त्याचं नाव पाहुणा. तो बॅटिंगला यायचाच मुळी पाहुण्यासारखा. पायऱ्या सावकाश उतरणार, चारी बाजूंना बघणार, हातमोजे काढून पुन्हा घालणार, अंपायरशी दोन शब्द बोलणार, खेळपट्टीवर बोटाने काहीतरी टिपणार. आत्याला तो जीव की प्राण होता. एकदा रेडिओवर त्याने शेवटच्या षटकात सामना काढला तेव्हा ती स्टुलावरून पडली होती. कोपरावर त्याची खूण आहे, ती अभिमानाने दाखवते.

"तो मैदानात पोचेपर्यंत माझं एक घड्याळ उघडून, साफ करून, बंद होतं," घड्याळवाले म्हणायचे. "वेळेची किंमत नाही त्या माणसाला. माझ्या संघाच्या बसमध्येसुद्धा मी त्याला चढू देणार नाही."

"चढणारही नाही तो. तुमची बस निघून गेलेली असेल."

दोन्ही संघ कागदावर लिहून आपापल्या दुकानात लावलेले होते. सकाळी शटर वर गेलं की दोघंही आधी समोरच्या कागदाकडे तुच्छतेने बघायचे आणि मग कामाला लागायचे.

चारपाच महिन्यांपूर्वी मालक वैतागले. "अकरा वर्षं निवडच चालली आहे. एकदाची खेळून टाका ना मॅच," म्हणाले आणि फ्रेम्सचा एक जुना, उशीएवढा कॅटलॉग त्यांनी काउंटरवर आपटला. शाळेत सगळे खेळतात तो पुस्तकातला क्रिकेटचा खेळ. पुस्तक कुठेही उघडायचं, डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक बघायचा. दोन आलं तर एक धाव. चार आलं तर चौकार. सहा किंवा आठ म्हणजे चेंडू रिकामा. शून्य आलं तर अपील. अपील झालं की पुन्हा एकदा उघडायचं, आणि पुन्हा शून्य आलं तर आउट. ज्याची बॅटिंग त्याने पुस्तक उघडायचं, मोठ्याने अंक सांगायचा, दुसऱ्याने लिहायचं. पुस्तकात डोकावायचं नाही. अकरा वर्षांच्या ओळखीत तेवढा विश्वास असतो.

रोज जेवणाच्या सुट्टीत पाच षटकं. म्हणजे हा वनडे वीस दिवस चालणार होता.

हरणाऱ्याने आपला कागद भिंतीवरून उतरवायचा, जिंकणाऱ्याचा लावायचा आणि मालकांसमोर म्हणायचं, "तुमची निवड माझ्यापेक्षा बरी." बस, एवढंच. पण हे वाक्य म्हणण्यापेक्षा दुकान बंद केलेलं बरं, असं दोघांचंही मत होतं.

आत्याने पहिली बॅटिंग केली. दोनशे त्रेचाळीस. त्यात पाहुण्याचे एकसष्ट. त्या दहा दिवसांत आत्याने घरी कोणाला दुसरा विषय काढू दिला नाही. माझी आई पोळी वाढताना म्हणाली, "वन्सं, पाहुण्याला वाढू का एक?" तर आत्या म्हणाली, "वाढा, दमून आलाय."

अकराव्या दिवशी घड्याळवाल्यांची बॅटिंग सुरू झाली आणि विचित्र घडायला लागलं. त्यांचे फलंदाज भराभर आउट होऊ लागले. किल्ली गेला, दुसरा सलामीवाला गेला, तिसरा तर आल्या पावली गेला. घड्याळवाले कॅटलॉग हातभर लांब धरून, मान ताठ ठेवून, एखादा निकाल वाचल्यासारखे "शून्य" म्हणायचे. आणि पुन्हा "शून्य." दोन दिवसांत चार विकेट. आत्याला नशीब म्हणजे काय ते पहिल्यांदाच कळत होतं. ती काचा घासताना गाऊ लागली. एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही काचा तिने उलटसुलट बसवल्या, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

तेराव्या दिवशी सहा बाद सत्त्याण्णव. सरदार एकटा लढत होता, चव्वेचाळीसवर. घड्याळवाल्यांनी पुस्तक उघडलं.

"शून्य."

"अपील!" आत्या ओरडली.

त्यांनी डोळे मिटून पुन्हा उघडलं. बराच वेळ पाहिलं. "शून्य," म्हणाले.

आत्या उडी मारून उठली, तिचं स्टूल आडवं झालं. आतून मालक ओरडले, "काय फुटलं?"

"सरदार!"

घड्याळवाल्यांनी कॅटलॉग तसाच उघडा काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. आत्या काउंटरला वळसा घालून नाचत आली, हात हवेत, तोंडात कुठलंसं गाणं. तिची नजर सहज पानावर गेली.

तीनशे अठ्ठेचाळीस.

इंग्रजी आठ होता तो. एकावर एक दोन गोल, अगदी स्वच्छ. आत्याचा हात हवेतच राहिला.

सरदार आउट नव्हता. तो रिकामा चेंडू होता. त्याआधीचे किती जण खरे आउट होते, देव जाणे. घड्याळवाले आपल्याच माणसांना एकेक करून तंबूत पाठवत होते, कारण त्यांना आठ आणि शून्य यांत फरक दिसत नव्हता.

"राहिलेलं उद्या," आत्या म्हणाली.

"अहो, अजून दोन षटकं आहेत! जिंकताय तुम्ही!"

"पोट दुखतंय माझं."

घड्याळवाल्यांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. अकरा वर्षांत आत्याचं पोट कधी दुखलं नव्हतं.

त्या दुपारी दगड नुसताच फिरत राहिला. आता तिला बाकीचंही आठवायला लागलं. गेले सहा महिने घड्याळवाले बायकांची बारीक घड्याळं परत पाठवत होते. "पार्ट मिळत नाही" म्हणून सांगायचे. हातात घेत होते ती फक्त भिंतीवरची, थाळीएवढी. तीन वेळा तिने त्यांना म्हटलं होतं, एकदा डोळे तपासून घ्या, मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे डॉक्टरीणबाई असतात. तिन्ही वेळा ते आले, खुर्चीत बसले आणि समोरचा अक्षरांचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचून, डॉक्टरीणबाईंनी दिवा लावायच्या आधीच उठून गेले. तेव्हा तिला कौतुक वाटलं होतं. आता लक्षात आलं, तो तक्ता काचेतून थेट त्यांच्या दुकानासमोर लटकलेला असतो. अनेक वर्षं समोर बसून तो त्यांना पाठ झाला होता.

घरी आल्या आल्या ती माझ्या वडिलांना म्हणाली, "दादा, त्यांना दिसत नाहीये रे."

"कोणाला?"

"घड्याळवाल्यांना. आठाला शून्य म्हणतात."

वडिलांच्या डोळ्यांत चमक आली. "म्हणजे तू जिंकतेस!"

"गप रे. माणसाचा एकच डोळा चालू आहे आणि तो चाललाय. घड्याळवाल्याचा डोळा गेला तर राहिलं काय? बसून नुसती टिकटिक ऐकायची?"

"मग सरळ सांग त्यांना, ऑपरेशन करा."

"करणार नाहीत. त्यांच्या मोठ्या भावाचं बिघडलं होतं पूर्वी. डोळ्याचा विषय काढला की उठून किल्ल्या द्यायला लागतात घड्याळांना. आणि गिऱ्हाइकांना कळलं तर घड्याळ कोण देईल हातात?"

माझी आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "मग दुसरा तक्ता लावा. पाठ नसलेला."

"अनोळखी अक्षरं बघितली की खुर्चीत बसायचेच नाहीत, वहिनी. असा तक्ता हवा की त्यांना वाटलं पाहिजे, हा तर मला झोपेतही येतो."

एवढं बोलून ती थांबली. मग हळूहळू तिचा चेहरा असा फुलत गेला की आईने कणकेचे हात तसेच धरून विचारलं, "काय हो? काय झालं?"

"तक्त्यावर त्यांचाच संघ लिहायचा," आत्या म्हणाली.

रात्रीच्या जेवणाआधी पांढरा कार्डपेपर आला, काळी शाई आली. अक्षरं मी काढली, मापं आत्याने दिली. पहिला फलंदाज तळहाताएवढा, दुसरा त्याहून लहान, असं उतरत उतरत अकराव्यापर्यंत. आत्या प्रत्येक ओळ पट्टी लावून मोजत होती, अक्षराची रेघसुद्धा जाडीला उंचीच्या पाचव्या हिश्श्याची हवी म्हणून मला दोन कागद फाडायला लावले. वडील वाकून बघत होते.

"अकरावा तर मुंगीएवढा झाला."

"गोलंदाजांना कायमच असं वागवतात," आत्या म्हणाली.

"पण यांना संघ पाठ आहे ना? डोळे मिटूनही सांगतील. मग कळणार कसं?"

"सहा नंबरपर्यंत त्यांचेच लिही," आत्या मला म्हणाली. "आठपासून अकरापर्यंतही त्यांचेच." मग जीभ दातांत धरून, डोळे मिचकावत तिने सातव्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे गजर लिहायचा नाही. इथे पाहुणा लिही."

वडील खुर्चीत मागे रेलून इतके हसले की त्यांना ठसका लागला. घड्याळवाल्यांच्या संघात पाहुणा! त्यांना खरंच दिसत असेल तर ते खुर्ची मोडून उठतील. आणि नाही उठले, तर नाही दिसत.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत आत्याने समोर हाक मारली. "घड्याळवाले, मॅच राहू दे आज. एक गंमत केलीय, या."

ते आले. आत्याने त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं. डॉक्टरीणबाई बाजूला हाताची घडी घालून उभ्या. त्यांना आत्याने सगळं सांगून ठेवलं होतं आणि त्या ओठ आवळून हसू दाबत होत्या. मालक काही काम नसताना आत आले होते.

"समोर तुमचाच संघ लावलाय, बॅटिंग ऑर्डरने," आत्या म्हणाली. "वाचा बघू."

घड्याळवाल्यांचा चेहरा खुलला. "वा! आमचा मान केलात म्हणायचा. उगाच नाही, सरदार चुकीचा आउट झाल्याचं वाईट वाटलं असेल तुम्हाला."

आत्या दचकली. पण ते गमतीने बोलत होते. त्यांनी स्वेटर खाली ओढला, मान ताठ केली आणि सुरुवात केली. "किल्ली." मग दुसरा. तिसरा. "सरदार," हे जरा दमदार. पाचवा. सहावा.

आत्याने श्वास धरला. मालकांनीही धरला.

"गजर," घड्याळवाले म्हणाले, आणि न थांबता आठव्यावर गेले, नवव्यावर, दहाव्यावर, आणि मुंगीएवढ्या अकराव्याचंही नाव त्यांनी झोकात घेतलं. "झालं? नजर कशी आहे, बोला!"

आत्याने तक्ता खिळ्यावरून काढला आणि त्याची सुरळी करायला घेतली.

"काय झालं?"

"सातव्या नंबरवर गजर नाहीये, घड्याळवाले."

"नाहीये म्हणजे? सातवा गजरच आहे. अकरा वर्षं आहे."

"तुमच्या कागदावर आहे. या तक्त्यावर दुसरा कोणीतरी आहे."

ते हसले. मग हसू ओसरलं. त्यांनी सुरळीकडे पाहिलं, मग आत्याकडे. "कोण आहे?"

"तेच तर वाचायला सांगितलं होतं."

घड्याळवाल्यांचे हात गुडघ्यांवर होते, ते त्यांनी एकमेकांत घातले. बरेच दिवस लपवून ठेवलेलं एखादं जड सामान खाली ठेवावं तसे त्यांचे खांदे उतरले.

"कधीपासून माहीत आहे?"

"सरदारपासून," आत्या म्हणाली. "तो आठ होता."

"आठ होता?" ते खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे नाबाद? आणि तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"बसा आधी."

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून डोळा पाहिला. मोतीबिंदू पिकलेला होता. अर्ध्या तासाचं ऑपरेशन, त्या म्हणाल्या, पूर्वीसारखं राहिलेलं नाही, एकच चालू डोळा आहे म्हणून मी जास्त काळजी घेईन, पण आता थांबू नका. घड्याळवाले ऐकत होते आणि मान हलवत होते, नाही म्हणून. भावाचं नाव त्यांनी काढलं नाही, पण सगळ्यांना ते ऐकू आलं.

"तुमची मर्जी," आत्या म्हणाली. तिने सुरळीला रबर लावलं, ती कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली. "हा तक्ता ऑपरेशननंतरच उघडेल. तोवर तुमच्या संघात कोण घुसलाय ते माझ्याजवळ राहील."

"बाई, हे बरं नाही."

"नाहीच आहे."

"निदान फलंदाज आहे की गोलंदाज, एवढं तरी!"

"दमाने घ्या. तो कुठे पळून जात नाही."

पुढचे चार दिवस घड्याळवाल्यांचं कशात लक्ष लागलं नाही. दर तासाला ते गल्ली ओलांडून यायचे. "डावखुरा आहे का?" "माझ्या यादीतला की बाहेरचा?" "आजोबा नाही ना? आजोबांना सातव्याला पाठवणं हा त्यांचा अपमान आहे." रात्री त्यांना झोप येईना, असं मालकांनी सांगितलं. भीती होती, ती तशीच होती. पण तिच्या शेजारी आता एक परका माणूस येऊन बसला होता, त्यांच्या संघात, त्यांच्या परवानगीशिवाय, आणि तो भीतीपेक्षा जास्त सलत होता. पाचव्या दिवशी सकाळी शटर वर करायच्या आधी ते आत्यासमोर येऊन उभे राहिले.

"मुलीला फोन केलाय. येतेय ती," म्हणाले. "करून टाकू. पण एक सांगतो बाई, तिथे कोणी भलतासलता निघाला ना, तर याद राखा."

ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात आम्ही सगळे होतो. मुलगी, आत्या, माझे वडील, आणि दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आलेले मालक. आत्याने सुरळी सोडून तक्ता स्वतः भिंतीवर लावला. मुलीने तिचं कोपर धरलं, बरोबर त्या जुन्या खुणेवर.

पट्टी निघाली. घड्याळवाल्यांनी डोळ्याची उघडझाप केली. आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "दोन मिनिटं मागे आहे," म्हणाले, आणि त्यांच्या मुलीला रडू फुटलं.

मग ते तक्त्याकडे वळले. "किल्ली," सावकाश म्हणाले. दुसरा, तिसरा. या वेळी ते पाठ म्हणत नव्हते, एकेका अक्षरावर थांबत होते, जणू आपला संघ पहिल्यांदाच भेटतोय. सरदारपाशी जरा रेंगाळले. पाचवा. सहावा. आणि मग त्यांचे ओठ उघडले ते उघडेच राहिले.

"पाहुणा?"

ते खुर्चीतून पुढे झुकले.

"पाहुणा! माझ्या संघात! हा आळशी, हा हातमोजेवाला, हा... कोणी घातला याला इथे? गजर कुठे आहे माझा? चार दिवस मी या माणसासाठी जागलो?"

"काका, ओरडू नका, डोळ्याला ताण येतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्या स्वतः भिंतीला टेकून हसत होत्या. आत्या तर हसता हसता खाली बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते दोन्ही हातांनी पुसत होती, भुवयांवरच्या भुकटीसकट.

"मॅच रद्द," ती कसंबसं म्हणाली. "तुमचे किती खरे आउट आणि किती खोटे, कोणाला ठाऊक? सोमवारपासून पुन्हा पहिल्या चेंडूपासून."

"जिंकत होतात की तुम्ही."

"आठाला शून्य म्हणणाऱ्याला हरवून काय करू? माझ्या पोस्टमनला तोंड कसं दाखवू?"

घड्याळवाले खुर्चीत मागे टेकले. त्यांनी पुन्हा तक्त्याकडे पाहिलं, बराच वेळ, त्या सातव्या ओळीकडे. काळा चष्मा लावायला दिला तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

"ठीक आहे," म्हणाले. "राहू दे त्याला."

"कोणाला?"

"पाहुण्याला. गजरला आठवा करतो आणि कोणाला तरी बसवतो बाहेर. नव्या डोळ्याने पहिल्यांदा वाचलेला माणूस आहे, त्याला हाकलणं बरं दिसत नाही. शिवाय शेवटच्या षटकात काढतो तो मॅच, नाही म्हटलं तरी."

आत्याचं हसू जागीच थांबलं. "अहो, पण तो माझा आहे!"

"होता. एकाने घेतलेला दुसऱ्याला मिळत नाही, नियम तुमचाच. तो माझ्या संघात आहे, काळ्या शाईत, आणि घातलाय कोणी? तुम्ही. चार साक्षीदार आहेत."

"ती तपासणी होती!"

"मालक, तुम्ही सांगा."

मालकांनी छताकडे पाहिलं, मग तक्त्याकडे, मग आत्याकडे बघणं टाळलं. "लेखी आहे, बाई," म्हणाले.

घरी येताना आत्या संपूर्ण रस्ताभर वडिलांशी भांडत होती, जणू सगळं त्यांनीच केलं. भांडता भांडता मध्येच खुदकन हसायची आणि पुन्हा भांडायची. आता समोरच्या दुकानात बायकांची बारीक घड्याळं पुन्हा दिसू लागली आहेत. तक्ताही तिथेच आहे, चौकट करून लावलेला. त्यावर गजरचं नाव सातव्या आणि आठव्या ओळीच्या मध्ये पेन्सिलने घुसवलेलं आहे, घड्याळवाल्यांनी स्वतःच्या हाताने, इतक्या बारीक अक्षरात की ते वाचायला गिऱ्हाइकांना चष्मा लागतो.

आत्याच्या कागदावर मात्र सातवी जागा रिकामी आहे. सोमवारी पहिला चेंडू पडणार होता, त्याला आता तीन महिने झाले. आत्या सकाळी शटर वर करते, आधी समोर बघते, एक सुस्कारा सोडते आणि मग आत जाऊन मालकांना विचारते, "हो, पण शेवटच्या षटकात दहा हवे असतील, तर तुम्ही कोणाला पाठवाल?"